राणीच्या जागी जावई

"सेनापती साहेब आहेत का घरात?"

दारात साठी उलटलेले एक गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि छातीशी टॉवेलात गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा, बारशाला आणलेलं बाळ धरावं तसा. आवाज असा खणखणीत, की समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली.

आई म्हणाली, "सेनापती कुणी नाही हो इथे. वरच्या मजल्यावर निवृत्त सुभेदार राहतात, ते चालतील का?"

"नाही, सेनापतीच पाहिजेत. सेनापती अठ्ठ्याऐंशी."

मी आत जेवत होते. घास तोंडातच राहिला, कारण सेनापती अठ्ठ्याऐंशी मीच होते.

ही दोन हजार तेराची गोष्ट. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते, मिरजेत किल्ला भागात राहत होते आणि सांगलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळत होते. राज्य चालवायच्या खेळांचं मला वेड होतं. त्यातला एक खेळ मध्ययुगाचा. त्यात घराणी, लग्नं, वारस, भाऊबंदकी. तो चौदाशे त्रेपन्न साली संपायचा, म्हणजे खेळातल्या चौदाशे त्रेपन्न साली. दुसऱ्या कंपनीचा दुसरा खेळ बरोबर तिथून सुरू व्हायचा, त्यात तोफा आणि जहाजं. पण पहिल्यात कमावलेलं राज्य दुसऱ्यात नेता यायचं नाही. म्हणून आम्ही तिघांनी, म्हणजे पोलंडचा एक, ब्राझीलचा एक आणि मी, एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. पहिल्या खेळातला जपून ठेवलेला डाव त्यात घालायचा, की तो दुसऱ्या खेळाच्या भाषेत बाहेर यायचा. त्याचं नाव आम्ही ठेवलं होतं 'सेतू'. फुकट होता. जगभरात तीन-चारशे लोक वापरत असतील. तिथे माझं नाव सेनापती अठ्ठ्याऐंशी; मी मुलगी आहे हे सांगितलं नव्हतं. सांगितलं की लोक मलाच खेळाचे नियम समजावून सांगायला लागत.

मी हात धुऊन बाहेर आले. "मीच सेनापती. वृंदा आठल्ये."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग डबा खाली ठेवून नमस्कार केला. "मी वसंत ढवळे, तासगाव. एसटीत कंट्रोलर होतो, एकतीस वर्षं. सगळे आप्पा म्हणतात. तुम्ही मला एकदा उत्तर लिहिलं होतं, मिरजेहून म्हणून."

"पण पत्ता?"

"कंट्रोलरला पत्ता शोधायला काय लागतंय? किल्ला भागात रात्रंदिवस कॉम्प्युटरसमोर बसणारं कोण, एवढंच विचारलं. तिसऱ्या माणसानं तुमचं घर दाखवलं." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "साहेब, तुमच्या सेतूमुळं माझ्या मुलीचं लग्न मोडलंय."

आई मटकन खुर्चीत बसली. तिला वाटलं, मी काहीतरी भलतंच केलंय.

आप्पांनी जे सांगितलं ते असं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा घरी बसून करायचं काय म्हणून पुतण्यानं त्यांना तो मध्ययुगाचा खेळ लावून दिला. दोन वर्षांत आप्पांनी खेळातली तीनशे वर्षं राज्य केलं. खेळात माणसांची नावं बदलता येतात. आप्पांनी हौसेनं सगळ्या नातेवाइकांची नावं घातली होती. थोरली बहीण सोनाक्का, आत्ते, मामे, पुतणे, एवढंच काय, मनाविरुद्ध बदली करणारे दोन जुने डेपो मॅनेजरही. ते तळघरात कैदेत होते. शेवटच्या पिढीत राजा वसंत, म्हणजे स्वतः, आणि त्याला दोन मुली, थोरली शर्वरी आणि धाकटी मैथिली, अगदी घरातल्यासारख्या. दर रविवारी घरची सगळी मंडळी राज्याची खबर घ्यायला जमत.

मग खऱ्या शर्वरीचं लग्न ठरलं, विट्याच्या शिंगट्यांकडे. मुलगा प्रणीत, वडिलांबरोबर पाण्याच्या पंपांच्या दुकानात. आप्पांनी लगेच खेळातल्या शेजारच्या राज्याचं नाव शिंगटे ठेवलं, राजाचं बापूसाहेब, त्याच्या राणीचं सुलोचना, आणि तिथल्या राजपुत्राला राजकन्या शर्वरी दिली.

"सगळं झकास चाललेलं. चौदाशे बावन्न साली मी वारलो."

"कशानं?" आईनं घाबरून विचारलं.

"शिकारीत. रानडुक्कर. शर्वरी राणी झाली. वर्षभरात खेळ संपला. मग मी तुमचा सेतू लावला. म्हटलं, व्याही साखरपुड्याची तारीख काढायला येणार आहेत, त्यांच्यासमोरच नवीन खेळात राज्य उघडू. सगळे बसलेत, कांदेपोहे झालेत, नकाशा उघडला, आणि..." आप्पा घोटभर पाणी प्यायले. "आमचं राज्य नाहीच. सगळा मुलूख हिरवागार, शिंगट्यांचा. आणि आमच्या नावापुढं, ढवळे घराणं नामशेष."

बापूसाहेब शिंगटे मोठ्यानं हसले म्हणे. म्हणाले, "चला, तारीख काढायच्या आधीच कन्यादान झालं! शेवटी मुलीचं म्हणजे सासरचंच की हो." सगळे हसले. शर्वरीनं प्रणीतकडे पाहिलं. तो म्हणाला, "अगं, गेम आहे," आणि तोही हसला. तेव्हा ती उठली, हातातला ट्रे टीपॉयवर ठेवला आणि म्हणाली, "मला हे लग्न करायचं नाही."

"ती कोण आहे तुम्हाला माहीत नाही," आप्पा म्हणाले. "जनावरांची डॉक्टर आहे. बिथरलेल्या वळूच्या तोंडात हात घालते. ती नाही म्हणाली म्हणजे नाही. बारा दिवस झाले. शेवटी कशीबशी एका अटीवर बसायला तयार झालीय. म्हणाली, हे ज्यानं लिहिलंय त्याला माझ्यासमोर आणा. आज दुपारी दोन्हीकडची मंडळी बसणार आहेत. मशीनची चूक आहे हे तुम्ही सांगा, दुरुस्त करा, संपलं."

मी डबा जोडून त्यांचा डाव तपासला, मग सेतूचा कोड उघडला. दहा मिनिटांत जागा सापडली.

ती मशीनची चूक नव्हती. ती एक ओळ होती आणि मी लिहिलेली होती. राज्याच्या प्रमुखपदी बाई असेल तर तिचा नवरा घ्या. दुसऱ्या खेळात राणीसाठी तीन जास्तीचे रकाने भरावे लागत, राजासाठी लागत नसत. मला कंटाळा आला होता. त्या ओळीखाली मीच लिहून ठेवलं होतं, 'नंतर बघू'. त्याला अकरा महिने झाले होते आणि त्या तीन-चारशे लोकांत एकानंही तक्रार केली नव्हती.

"सापडलं का?" आप्पांनी विचारलं.

"सापडलं," मी म्हणाले. "तासगावला जाऊन सांगते."

एसटीत आप्पांना तिकीट मागायची कुणाची टाप नव्हती, पण त्यांनी दोन्ही तिकिटं काढली. कंडक्टरनं सलाम ठोकून विचारलं, "आप्पा, मांडीवर काय?" आणि आप्पांनी स्टँडवर गाड्या पुकारायच्या आवाजात सगळी हकीकत सांगितली. बुधगाव येईपर्यंत गाडीचे दोन तट पडले होते.

"गेमवरून लग्न मोडतं व्हय कुठं?" एक फेटेवाले म्हणाले.

"मोडू नये तर काय," मागून एक बाई म्हणाल्या. "आज गेममधलं घेतलं, उद्या खरं घेतील."

"चूक कुणाची पण?" कंडक्टरनं विचारलं.

"मशीनची," आप्पा म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "या सेनापती. त्या सांगतील."

सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीबाहेरच्या द्राक्षबागा फार लक्ष देऊन पाहिल्या.

तासगावच्या घरात बैठकीच्या खोलीत दोन तट समोरासमोर बसले होते. एका बाजूला बापूसाहेब शिंगटे, भरदार, मिशीवाले, आणि शेजारी मान खाली घातलेला प्रणीत. त्यांच्यामागे दाराजवळ सुलोचनाबाई, प्रणीतच्या आई, मांडीवर हात ठेवून अगदी गप्प. दुसऱ्या बाजूला आप्पांच्या पत्नी, धाकटी मैथिली आणि एकोणऐंशी वर्षांच्या सोनाक्का, ज्यांना कमी ऐकू यायचं. मध्ये, खुर्ची उलटी फिरवून, शर्वरी.

"ह्या सेनापती," आप्पा म्हणाले.

शर्वरीनं एक क्षण माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही? मला वाटलं कुणीतरी दाढीवाला असेल."

"नाव तसं घेतलंय."

"का?"

"मुलगी म्हटलं की लोक शिकवायला येतात."

"बरं." ती पुढे झुकली. "आता सांगा. माझं राज्य ह्याच्या नावावर कुणी केलं?"

आप्पा घाईनं म्हणाले, "मशीनची चूक आहे, साहेब सांगतीलच..."

"मशीनची नाही," मी म्हणाले. "मी केलं. तसा नियम मी लिहिला होता."

आप्पांच्या चेहऱ्यावर, शेवटची गाडी डोळ्यांदेखत सुटलेल्या प्रवाशाचा भाव आला. सोनाक्कांनी मोठ्यानं विचारलं, "काय म्हणाली गं ही?"

"ह्यांनीच केलं म्हणते!" मैथिली त्यांच्या कानात ओरडली.

"का केलंत?" शर्वरीनं विचारलं. चिडून नाही. गायीला कधीपासून ताप आहे, असं विचारावं तसं.

"राणी ठेवायची तर तीन ओळी जास्त लिहाव्या लागत होत्या."

"तीन?"

"तीनच. खाली लिहिलंय, नंतर बघू."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही हाकलून देणार. पण तिच्या ओठांचा कोपरा हलला आणि ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे राग नाही, कट नाही, काही नाही. कंटाळा!"

"बघा," बापूसाहेब सैल होत म्हणाले, "मी तेच म्हणत होतो, साधी गोष्ट..."

"तुम्ही तेच म्हणत नव्हता, बापूसाहेब," शर्वरी म्हणाली. "ह्यांनी निदान कबूल केलं."

प्रणीत तेव्हा पहिल्यांदा बोलला. "मी हसलो ते चुकलं."

"कशाला हसलास?"

"बाबा हसले म्हणून." मग थोडं थांबून, "मला गेममधलं काही कळलंच नव्हतं. मला वाटलं हिरवं म्हणजे शेती."

शर्वरीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, इथे अजून आशा आहे. पण ती म्हणाली, "आधी दुरुस्त होऊ दे. मग बघू."

मी कामाला बसले. पोहे आले, चहा आला, आणि खोलीतला जवळजवळ प्रत्येक माणूस माझ्या खुर्चीमागे उभा राहून सल्ला द्यायला लागला. ज्यांना कॉम्प्युटर सुरू करता येत नव्हता तेही. बापूसाहेब सोफ्यावरूनच म्हणाले, पंपात असं अडकलं की आधी हवा काढायची. अर्ध्या तासानं मी जुनी ओळ काढून नवीन लिहिली, डाव पुन्हा सेतूतून काढला आणि नकाशा उघडला.

सगळा नकाशा जांभळा होता. तासगावपासून इराणपर्यंत.

"हे कुणाचं?" आप्पांनी विचारलं.

मी टिचकी मारली. "सोनाक्का ढवळे."

झालं असं होतं, की घाईत मी घराण्याची अट घालायलाच विसरले होते. त्यामुळे नियम झाला होता, हयात बायकांपैकी सगळ्यांत थोरली घ्या. डावात सगळ्यांत थोरल्या सोनाक्का होत्या, म्हणून प्रत्येक राज्य त्यांनाच मिळालं होतं.

"आत्या, तुला राज्य मिळालं!" मैथिली त्यांच्या कानात ओरडली.

"किती?"

"इराणपर्यंत!"

सोनाक्कांनी विचार केला. "तिथं पाणी हाय का?"

"असेल की!"

"असेल म्हणून कसं चालेल? बघून घ्या आधी." मग त्यांनी बापूसाहेबांकडे बोट केलं. "आणि हे?"

"ते तुमच्याच हाताखाली आलेत, आक्का," आप्पा म्हणाले. बापूसाहेबांनी चहाचा कप तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही.

"मग त्यांना म्हणावं, पाय खाली सोडून बसा."

बापूसाहेब सोफ्यावर मांडी घालून बसले होते. त्यांनी खरंच पाय खाली सोडले.

सोनाक्कांचं साम्राज्य पाच मिनिटं टिकलं. ते पुसताना मैथिलीला फार वाईट वाटलं. मी अट नीट घातली, राणीचे तिन्ही रकाने भरले, दोनदा वाचून पाहिले आणि पुन्हा चालवलं. ह्या वेळी खोलीत कुणी सल्ला दिला नाही.

नकाशा उघडला. कृष्णेच्या काठानं पिवळा मुलूख, त्यावर नाव, राणी शर्वरी ढवळे. शेजारी हिरवे शिंगटे, जिथल्या तिथे. आप्पांनी टाळी वाजवली, त्यांच्या पत्नींनी डोळ्यांना पदर लावला. शर्वरीनं पडद्यावरच्या स्वतःच्या नावाकडे पाहिलं. मग ती खुर्ची सरळ करून बसली.

"छान झालं," बापूसाहेब म्हणाले. त्यांना खरोखरच सुटल्यासारखं वाटलं असावं. "तुमचं तुम्हाला, आमचं आम्हाला. आता तारखेचं..." ते पुढे वाकले. "पण हे काय? आमच्या हिरव्यात हा लाल ठिपका कसला आला?"

मलाही कळेना. हिरव्या मुलखाच्या पोटात एक छोटासा लाल तुकडा होता, कुंकवाच्या बोटाएवढा.

"पुसून टाका तो," बापूसाहेब म्हणाले. "काहीतरी राहिलंय तुमच्याकडून."

मी त्यावर टिचकी मारली. नाव आलं ते मी मोठ्यानं वाचलं. "राणी सुलोचना इंगवले."

आप्पांनी घसा खाकरला. "ते माझं काम. सोयरीक ठरली तेव्हा विहीणबाईंच्या माहेरचं नाव विचारून घेतलं होतं. आळसंदचे इंगवले. घातलं एका छोट्या राज्याला. तिथला राजा वारला, मुलगा नव्हता, तेव्हा राज्य मुलीला गेलं, म्हणजे ह्यांना." ते माझ्याकडे वळले. "मागच्या वेळी हे दिसलं नव्हतं."

"मागच्या वेळी तो नियम होता," मी म्हणाले. "त्यांचंही राज्य त्यांच्या नवऱ्याच्या नावावर गेलं होतं."

तेवढ्यात दाराजवळ हालचाल झाली. सुलोचनाबाई उठल्या होत्या. दुपारपासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. चहा घेतानासुद्धा 'पुरे' म्हणायच्या ऐवजी त्यांनी हात आडवा केला होता. त्या माणसांतून वाट काढत पुढे आल्या.

"कुठाय?"

मी दाखवलं. त्यांनी चष्मा लावला आणि पडद्याच्या अगदी जवळ गेल्या.

"किती आहे?"

"दोन किल्ले आणि एक बाजारपेठ."

"आम्ही दोघी बहिणी," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. "माझ्या लग्नाच्या वर्षीच वडील गेले आणि घरावरची पाटी काढली. आता कोण राहणार इंगवले, म्हणाले सगळे. मीही म्हटलं, खरंच, कोण राहणार?" त्यांनी लाल तुकड्यावर बोट टेकवलं, तापल्या तव्याला लावून बघावं तसं हळूच. "सदतीस वर्षांनी वाचलं हे नाव."

बापूसाहेब म्हणाले, "अगं, पण हे..."

"थांबा हो जरा."

ते थांबले. मला वाटतं, त्यांनाही ते नवीन होतं.

शर्वरी उठली आणि स्वतःची खुर्ची ओढून त्यांच्यासाठी कॉम्प्युटरसमोर ठेवली. सुलोचनाबाई बसल्या, पदर नीट केला. "आता काय करायचं असतं?"

"आता तुमचं राज्य तुम्ही चालवायचं," आप्पा म्हणाले. "हे बटण दाबलं की काळ पुढं जातो."

त्यांनी बटण दाबलं. खेळातले दोन महिने गेले असतील नसतील, पडद्यावर एक खलिता आला. लाख, शिक्का, सगळं. इंग्रजीत होता. आप्पांनी चष्मा सावरला आणि स्टँडवरच्या आवाजात त्याचं मराठी केलं. "शिंगटे महाराजांकडून निरोप. आपलं राज्य लहान आहे. आपण आमचे मांडलिक व्हावं, आम्ही आपलं रक्षण करू. खाली तीन बटणं आहेत. मान्य, अमान्य, आणि विचार करून सांगतो."

बापूसाहेब घाईनं म्हणाले, "हे मी नाही पाठवलं. खेळ आपोआप करतो. हो ना हो, सेनापती? सांगा की."

"आपोआप करतो," मी म्हणाले. ते खरंच होतं.

सुलोचनाबाईंनी खलिता एकदा वाचल्यासारखा केला. मग खुर्चीतच वळून, ज्या माणसाचे पंप, गणगोत आणि पथ्यपाणी सदतीस वर्षं सांभाळलं त्याच्याकडे, मुलगी पाहून झाल्यावर वरपक्ष बघतो ना, तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कळवतो म्हणावं," त्या म्हणाल्या, आणि तिसरं बटण दाबलं.

खोलीत असा हशा फुटला, की सोनाक्कांनासुद्धा ऐकू गेला. त्या हसण्यात बापूसाहेब सगळ्यांच्या आधी हसले की सगळ्यांच्या नंतर, ह्यावर शर्वरी आणि प्रणीत यांचं लग्नाला इतकी वर्षं झाली तरी अजून एकमत नाही.